पाचवी लक्ष्मी

देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीला अंघोळ घातल्याशिवाय मी चहाचा घोटही घेत नाही. ही लक्ष्मी म्हणजे मूर्ती नव्हे, चांदीचं एक पातळ नाणं आहे, कडेला बारीकशी कपची गेलेलं. आमचे आजेसासरे पहिल्या महायुद्धात बसऱ्याला कारकून होते. येताना त्यांनी अशी पाच नाणी आणली. त्यांवर चित्र नाही, नुसती अरबी अक्षरं. घरच्या बायकांनी त्यातलं एक देव्हाऱ्यात ठेवलं आणि बाकीची चार कपाटात डबीत पडून राहिली. सासूबाईंनी पूजा माझ्या हाती दिली तेव्हा नाणं धरायचं कसं तेही शिकवलं. डावा अंगठा कपचीवर, म्हणजे निसटत नाही. मग चिमूटभर रांगोळी घेऊन उजव्या हाताने चोळायचं. त्यांनाही त्यांच्या सासूबाईंनी तसंच शिकवलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी रंगराव भाऊजी मांजरीहून आले. हे माझे थोरले दीर. आता तिथला फ्लॅट बंद करून ते खराडीला लेकीजवळ राहायला जाणार आहेत, तेव्हा वडिलोपार्जित जे काही सामाईक आहे ते मोकळं करून टाकू, असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं.

"वहिनी, चहा नंतर. आधी ती डबी आणा. आणि देव्हाऱ्यातलंही."

"भाऊजी, देव्हाऱ्यातलं राहू दे ना. एक ठेवलं तर?"

"एक ठेवलं तर चार उरतात," भाऊजी म्हणाले. "पाचाचा सेट असेल तर गिऱ्हाईक वेगळं. सेट मोडायचा नाही. आणि तुम्हाला गेल्या दिवाळीत मी नाणं दिलंय की. त्याच्यावर चक्क लक्ष्मी आहे, कमळासकट."

मी यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून बसले होते. "दादाचं बरोबर आहे," हे पेपरामागून म्हणाले.

मोठ्या आवाजात बोलणं मला जमत नाही, आणि हळू बोललेलं आमच्या घरात ऐकू जात नाही.

निघताना भाऊजींनी डबीतली चार नाणी दिव्याखाली धरली. ती काळी पडली होती, तव्याच्या पाठीसारखी. "हे काय ध्यान. उद्या न्यायच्या आधी चिंच लावून चकचकीत करा. तुमच्या लक्ष्मीसारखी दिसली पाहिजेत सगळी."

"उद्या शुक्रवार आहे."

"मग?"

"शुक्रवारी मी आंबटाला हात लावत नाही. संतोषीमातेचा वार."

भाऊजींनी डबीचं झाकण लावलं. "मग टूथपेस्ट घ्या."

"दात घासायचं देवाला?"

"ही अजून देव झालेली नाहीत, वहिनी. ही डबीतली आहेत."

रात्रीच चिंच भिजवून नाणी घासून टाकावीत असं मनात आलं होतं, पण त्या रात्री यांचं औषध, भांडी, उद्याचं सोवळं, यात ते राहून गेलं. शुक्रवारी सकाळी मी देव्हाऱ्यातलीला शेवटची अंघोळ घातली. शेवटची असं मनात म्हणायचं नव्हतं, पण तोंडातल्या स्तोत्राची ओळच पुढे सरकेना. तीच ओळ तीनदा म्हटली. रांगोळी नेहमीपेक्षा जास्त घेतली आणि चांगली चोळली. लेक सासरी निघाली की आपण तिची वेणी दोनदा घालतो, तसं. बाकीच्या चौघींना मात्र हात लावला नाही. रांगोळीने तो काळेपणा निघणारा नव्हता, त्याला चिंचच हवी होती.

जुन्या नाण्यांचं दुकान लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. तिथली उत्कर्षा मेहेंदळे चाळिशीची असेल. ती अरबी-फारसी वाचते, नाण्यांची किंमत ठरवते आणि लिलावात लावून देते. भाऊजींनी आत शिरताच माफी मागून टाकली.

"जरा मळकी आहेत. आमच्या वहिनींचा उपास होता."

तिने मखमलीवर पाचही नाणी मांडली आणि काही न बोलता हातमोजे घातले. "उद्या दुपारी या. वजन, फोटो, वाचन, सगळं करून ठेवते."

"उद्या?" मी म्हटलं. "पण उद्या सकाळी तिची अंघोळ..."

"कुणाची?"

मी देव्हाऱ्यातल्या नाण्याकडे बोट दाखवलं. भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. "मी सकाळी तांब्या-ताम्हन घेऊन इथे आले तर चालेल का? कोपऱ्यात बसेन."

"काकू, या खोलीत मीसुद्धा पाणी पीत नाही. बाहेर जिन्यात जाऊन पिते," उत्कर्षा म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण दार उघडंही नव्हतं.

शनिवारी सकाळी ताम्हनात बाकीचे देव होते आणि मध्ये जागा रिकामी. भाऊजींनी दिलेलं नाणं मी तिथे ठेवून पाहिलं. गुळगुळीत, चकचकीत, कमळासकट. ते मला पाहुण्यासारखं वाटलं. काढून ठेवलं. चहा केला तो यांच्यापुरता.

"अगं, नेम म्हणजे काय, नाणंच घरात नाही तर नेम कसला?" हे म्हणाले.

बरोबर होतं त्यांचं. पण नेमाला ते कुणी सांगायचं? मी ओटा पुसला, पुन्हा पुसला. कडधान्याचे डबे काढून परत लावले. बाल्कनीत जाऊन आले. हात नुसते काहीतरी शोधत होते. अकरा वाजायच्या आतच मी साडी बदलली आणि बसने निघाले. डोकं हलकं झालं होतं. शुक्रवारच्या उपासावर दुसरा उपास चढला होता. स्वारगेटला एका बाईने मला बसायला जागा दिली, म्हणजे चेहऱ्यावर दिसत असणार.

भाऊजी माझ्यामागोमाग पोचले. उत्कर्षाने दोन ताटल्या पुढे ठेवल्या. एकीत चार काळी नाणी, दुसरीत एकटी माझी.

"ही चार," ती म्हणाली, "अब्बासी खलिफांच्या वेळची. दिरहम म्हणतात यांना. बाराशे वर्षांपूर्वीची. मला वाटतं, ही मिळाल्यापासून कुणी घासलेलीच नाहीत."

"घासायचीच होती," भाऊजी म्हणाले. "पण वार आडवा आला."

"कोणता वार?"

"शुक्रवार," मी सांगितलं. "चिंच लावायची नव्हती."

उत्कर्षाने भिंग खाली ठेवलं. "काकू, हा काळेपणा म्हणजे नाण्याची कातडी आहे. चिंच लावली असतीत तर माझ्याकडे यायची गरज नव्हती, सोनाराकडे गेला असतात. रंगरावकाका, शुक्रवारचे आभार माना. परदेशात पाठवता येत नाहीत, कायदा आहे, पण इथल्या लिलावात या चौघींसाठी लोक खुर्चीवरून उठतील."

भाऊजी खरंच खुर्चीवरून जरा उठले. "आणि पाचवं? ते तर सगळ्यांत छान आहे. चमकतं."

"चमकतं," ती म्हणाली. "त्याच्यावर आता चमकण्याशिवाय काही उरलेलं नाही. हे मी लिलावात लावणार नाही. याची किंमत वजनाची."

भाऊजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. "वहिनी, तीन पिढ्या तुम्ही बायकांनी मिळून हे घासून खाल्लंत."

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. लिलावात लावणार नाही, एवढंच मी ऐकलं होतं.

"अगदीच काही नाही असं नाही," उत्कर्षा म्हणाली आणि भिंग माझ्या हातात दिलं. "इथे, कपचीजवळ बघा. बाकी सगळं गेलंय, पण एवढा तुकडा तसाच आहे. का ते मला कळलं नाही."

मी पाहिलं. बारीक, उभी, एकमेकांना चिकटलेली अक्षरं होती. ती मी कधीच पाहिली नव्हती, कारण ती कायम माझ्या अंगठ्याखाली असायची.

"मी तिथे धरते," मी म्हटलं. हातमोजे नव्हते म्हणून तिने नाण्याला हात लावू दिला नाही, तेव्हा मी हवेतच अंगठा धरून दाखवला. "सासूबाईही तिथेच धरायच्या."

उत्कर्षाने भिंग परत घेऊन ती जागा पुन्हा पाहिली.

"काय लिहिलंय ते?" मी विचारलं.

"या नाण्यांवर कडेने असं लिहिलेलं असतं: देवाच्या नावाने हा दिरहम अमुक शहरात, अमुक साली पाडला. बाकीची चार बगदादची आहेत. बगदादला तेव्हा शांतीचं शहर म्हणायचे. तुमच्या नाण्यावरचं शहर गेलं, सालही गेलं. सुरुवातीचं तेवढं उरलंय. देवाच्या नावाने."

आपण पत्रिकेवर वर श्री लिहितो, तसं. मी ते मनातच म्हटलं.

"म्हणजे त्यांच्या देवाचं," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "आणि आपण त्याला हळदकुंकू... वहिनी, आता हे देव्हाऱ्यात ठेवणार तुम्ही?"

"नाव देवाचंच आहे ना, भाऊजी?"

या वेळी त्यांना ऐकू गेलं. त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. "न्या. नाहीतरी सेट तुम्ही आधीच मोडला होतात."

उत्कर्षाने नाणं कागदात गुंडाळून दिलं. "रोज चोळलंत तर तेवढंही जाईल, काकू. सांगून ठेवते."

घरी येईपर्यंत दुपार कलली होती. पाय न धुताच देव्हाऱ्याकडे जाणार होते. मागे फिरले, धुऊन आले. नाणं ताम्हनात घेतलं आणि अंगठा आपोआप कपचीवर गेला. उजव्या हातात रांगोळी आली तीही आपोआप. ती मी परत वाटीत टाकली. नुसतं पाणी घातलं, पंच्याने टिपलं. इतकी वर्षं चोळायची सवय, हात नुसता वाटीवर घुटमळत राहिला, काम राहिल्यासारखा.

"झाली का पूजा?" हे आतून म्हणाले. "चहा टाकलाय मी. दोन कप."

चहा जरा जास्त उकळला होता, पण प्यायले. त्या चौघी आता कुणाच्या तरी लॉकरमध्ये जातील. तिथे त्यांना कुणी अंघोळ घालणार नाही, आणि त्यातच त्यांचं भलं आहे, असं उत्कर्षाने जिन्यापर्यंत येऊन सांगितलं. तिला त्यातलं कळतं. तरी रोज सकाळी ताम्हन पुढे ओढलं की मला त्यांची आठवण येते, न न्हालेल्या चौघींची, आणि पाणी घालताना हात क्षणभर थांबतो.