पुरलेला रोडगा

अकोल्याच्या टपाल कार्यालयात तीस वर्षं खिडकीमागे बसलेली बाई सहसा कुणाला भीत नाही. साधना गावंडे तर नाहीच. त्रेपन्नाव्या वर्षी तिने अमरावतीच्या एका कॉलेजात बहुविद्याशाखीय एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा ऑफिसातला गोपाल म्हणाला, "आता काहून शिकून राहिल्या मॅडम? नातवंडं खेळवा." लग्नापायी कॉलेज सुटलं होतं, बी.ए. तिने बाहेरून केलं होतं. वर्गात बसून शिकायचं तेवढं राहून गेलं होतं, आणि ते तिला हवं होतं.

दर शनिवार-रविवारी अमरावती. इतिहास, समाजशास्त्र, पर्यावरण, सिनेमा, सगळ्याची खिचडी. खिचडी तिला मनापासून आवडली. वाढणारे मात्र डोक्यात जायचे. सर 'अवकाश' म्हणाले की खोली समजायची, 'देह' म्हणाले की बाई. आणि एवढ्या भांडवलावर ही माणसं कॉलर ताठ करून फिरायची.

त्यात तिचे मार्गदर्शक डॉ. किशोर सराफ म्हणजे कळसच. त्यांचं सगळं नाव एका लेखावर उभं होतं. धामणगाव रेल्वेजवळच्या एका गावात नवसाच्या पंगतीला पहिला रोडगा, म्हणजे निखाऱ्यात भाजलेला कणकेचा गोळा, जमिनीत पुरतात, भूमातेला पहिला घास म्हणून, असा त्यांचा शोध. तो लेख गाडीत वाचताना साधना मूर्तिजापूरपर्यंत एकटीच हसत होती. कारण रोडगा पुरणारा म्हातारा तिचा सख्खा मामा होता, आणि त्या दिवशी कणीक तिनेच मळली होती.

रोडगे गोवऱ्यांच्या आरात पुरुषांनीच भाजायचे. पुंजाजीमामांचा पहिलाच रोडगा जळून कोळसा झाला. तेवढ्यात कॅमेरा घेतलेला साहेब येताना दिसला. मामांनी लाजेकाजेस्तव तो मातीत ढकलला. साहेबाने विचारलं, हे काय? मामा म्हणाले, "धरतीमायले पयला घास, सायेब." झाली परंपरा.

साधनाचा लघुप्रबंध वऱ्हाडातल्या पंगतींवरच होता. सराफ सरांनी तो चाळला आणि भुवया चढवल्या.

"माझ्या लेखाचा संदर्भ कुठे आहे?"

"सर, तो रोडगा जळला होता. मी होते तिथे."

"आठवण म्हणजे पुरावा नव्हे, गावंडे. लेखी काही असेल तर आणा. नाहीतर संदर्भ घाला, त्याशिवाय मी सही करणार नाही."

सही नाही तर पदवी नाही. दोन वर्षांच्या गाडीच्या चकरा एका करपलेल्या रोडग्यापायी पाण्यात जाणार होत्या.

ती चैत्रात मामांकडे गेली. तिथे पंगतीला सराफ सर विद्यार्थी घेऊन आधीच हजर. लेखाची बातमी पेपरात आल्यापासून बारा वर्षं गाव दरसाल पहिला रोडगा पुरत होतं, आणि पुरण्याचा मान मामांचा होता. डोक्याला फेटा, गळ्यात हार. साधनाने त्यांना बाजूला घेतलं.

"मामा, खरं काय ते लिवून द्या मले."

"आता कसं लिवून देऊ बाई? सारं गाव करून रायलं. मले नारळ देतेत."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. लेखी पुरावा तिथेच संपला. मामांनी राखेतून पहिला रोडगा काढून घाईघाईने पळसाच्या पानात गुंडाळला. मुलांनी मोबाईल वर केले. मामांची ती घाई साधनाच्या ओळखीची होती. ती पुढे झाली, पान उलगडलं आणि सगळ्यांदेखत रोडगा फोडला. आतून काळाकुट्ट.

मामा ओशाळून हसले. "पयलाबी असाच जयला होता, सायेब. लाज वाटली म्हून पुरला. मले रोडगे कधी जमलेच नाई."

साधनाने सरांकडे पाहिलं. आता तरी हा माणूस खाली बघेल, असं तिला वाटलं. सरांनी खिशातून पेन काढलं.

"लिहून घ्या," ते मुलांना म्हणाले. "लज्जा. या विधीचा गाभा लज्जा आहे."

एवढ्या साक्षीदारांपुढे कबुली झाल्यावर सही अडवता येईना. ती मिळाली, ब श्रेणीसकट. पदवीही मिळाली. चार महिन्यांनी सरांनी तिला पाठवलेला त्यांचा नवा लेख तिच्याच खिडकीवर रजिस्टरने आला. जळालेला रोडगा, म्हाताऱ्याची कबुली, सगळं त्यात होतं. शेवटी बारीक टाइपात आभार: 'माहिती पुरवणारी एक ग्रामीण महिला.' तिने ती ओळ दोनदा वाचली. तीस वर्षांची नोकरी, एम.ए., आणि नाव म्हणून एवढं. डोळ्यांत पाणी आलं ते संतापाचंच होतं.

पुढच्या चैत्रात तिने मामांना सांगितलं, "यंदा पयला रोडगा पुरू नका. मले द्या." मामांनी तो नेहमीप्रमाणेच जाळला होता. तिने तो खोक्यात घालून कापडात शिवला, सराफ सरांचा पत्ता घातला आणि पाठवणाऱ्याच्या जागी मोठ्या अक्षरात लिहिलं: साधना गावंडे, एम.ए.

गोपालने खोकं हलवून पाहिलं. "आत काय हाय, मॅडम?"

"सरांना लागणारा संदर्भ," ती म्हणाली. "मार शिक्का."