पोट आत, श्वासाचे वांधे

मी श्वासपटल बोलतोय. कोण, म्हणून विचारू नका. सगळे तेच विचारतात. फुप्फुसांच्या खाली आणि पोटाच्या वर घुमटासारखा ताणलेला मी एक स्नायू. हृदयावर लोक गाणी लिहितात, माझ्यावर कुणी चार ओळीसुद्धा खरडल्या नाहीत.

माझा मालक आगीच्या बंबावरचा जवान. तो जन्मला तेव्हापासून मला एक सुट्टी नाही. तो निवांत बसला की मी मिनिटाला पंधरा वेळा खाली सरकतो, छातीत जागा होते आणि अर्धा लिटर हवा आत येते. मी सैल पडलो की ती आपोआप बाहेर. फुप्फुसं स्वतः हलत नाहीत, आयतोबा नुसते! तो पळू लागला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदू माझ्यावर खेकसतो आणि माझ्या चाळीस फेऱ्या होतात. तेव्हा बरगड्यांचे स्नायू हात देतात, पोटाचे स्नायू हवा बाहेर ढकलतात.

पण मालकाला ढेरी सुटली आणि ती लपवायचं खूळ लागलं. पोट आत ओढलं की आतडीबितडी माझ्या बोकांडी बसतात. मग मी सरकू कुठे?

त्या सकाळी वार्षिक चाचणी होती. खांद्यावर पाण्याच्या नळीची गुंडाळी, सरावाच्या मनोऱ्याचे सहा मजले, दोन मिनिटं. नापास झाला की बंबावरचं काम सुटलं, कचेरीत बसून फायली सांभाळायच्या. खाली घरची मंडळी, शेजारी नवे जवान. साहेबांनी शिट्टी मारली आणि हा गडी पोट आत ओढून निघाला!

तिसऱ्या मजल्यावर तोंड लालबुंद, खांदे उडतायत, श्वास वरच्यावर. मी जीव तोडून खाली ढकलतोय, पण जागाच नाही. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? तो कठडा धरून थांबला.

खालून त्याची बायको ओरडली, “अहो, पोट सोडा आधी! आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे!”

नवे जवान फिदीफिदी हसले. ह्याने खाली पाहिलं आणि दिलं सोडून. शर्टाचं एक बटण उडालं. मी सपकन खाली गेलो, दोन लिटर हवा एका दमात आत घेतली. उरलेले मजले आम्ही मिळून चढलो.

“चार सेकंद राखून,” साहेब म्हणाले. “बंबावर राहा. बटण तेवढं लावून घ्या.”

माझं एवढंच मागणं आहे, मंडळी: जिना चढताना तरी मला जागा द्या.

मालकाला ते पटलं असेल असं वाटलं होतं. मग सगळ्यांचा फोटो ठरला. कॅमेरा दिसताच ह्याने पोट पुन्हा आत! मीही आचका देऊन एक उचकी ठेवून दिली. तो फोटो आता अग्निशमन केंद्राच्या भिंतीवर आहे. अकरा जण ताठ उभे, आणि मधोमध हा, आ वासून.