आखाजीचं माहेर

"मी आखाजीले जासू नि परत येवाव नही. मंग रांधा तुमनं तुम्ही," पाट्यावर पुरण वाटता वाटता भागीरथी म्हणाली.

बाहेर खाटेवर बसलेला तिचा नवरा उखा हसला. कापडाच्या लूमवर बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला एरवी हसू कुठलं, पण बायकोची ही धमकी ऐकली की तो हमखास खुलायचा. उधन्याच्या चाळीत ती सगळ्यांना पाठ होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या सासुरवाशिणीची हक्काची सुट्टी. माहेरी जायचं, झोके घ्यायचे, इकडची काडी तिकडे करायची नाही. भागीरथीचे आईबाप गेले, भाऊ न्यायला येईनासा झाला, तरी धमकी चालूच.

यंदा तिची लेक रंजना माहेरपणाला आली होती, लग्नानंतरची पहिली आखाजी. भागीरथीने तिला झाडूला हात लावू दिला नाही. पोर मात्र झोक्याकडे फिरकलीसुद्धा नाही. आज जावई गोपाल कडोदऱ्याहून तिला न्यायला आला होता. सासूचं बोलणं ऐकून तोही हसत होता.

रंजना पाट्याजवळ येऊन बसली आणि बाहेर ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "आई, मी जावाव नही."

"मनी नक्कल करस का?" आपलीच धमकी लेकीच्या तोंडून ऐकून भागीरथी हसली.

"नही. तिसरा महिना व्हता माले. हंडा उचली उचली पोर गयं. दुसरे दिन सासूनी चुलीपुढे बसाडं. घरनी खानावळ शे, डबा चुकाले नको, बस."

भागीरथीचा हात थांबला. "माले काब्र नही सांगं?"

"तू ते सगळं हासीनच सांगस. माले वाटनं, असंच ऱ्हास."

भागीरथीला रडू आलं नाही, शरम वाटली. आजवर ती जे हसत बोलत आली त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पण खरेपणाने तिने ते कधी कुणाला सांगितलं नाही, पोटच्या पोरीलाही नाही.

तिने जावयाला पोळी वाढली, वर तूप सोडलं. जावई उपाशी जाऊ नये. हात धुऊन गोपाल म्हणाला, "मामी, आम्ही निघतस."

"तुम्ही निघा. रंजना येवाव नही."

गोपाल हसला. उखाही हसला. भागीरथी दारात उभी राहिली, बाजूला झाली नाही.

आधी उखाचं हसू थांबलं. त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि रिक्षात ठेवायला उचललेली लेकीची पिशवी आत नेऊन ठेवली.