किड्याची लेखी हमी

आमच्या लाकूड कारखान्याचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा मी करतो. कुठल्या साली कुठली झाडं तोडायची ते आजच सांगायचं. काम ज्योतिषाचं, पगार कारकुनाचा.

एका वर्षी मी लिहिलं, 'वरची टेकडी आठ वर्षांनी तोडावी. मात्र वणवा, वारा आणि खोडकिडा यांचा भरवसा नाही.'

साहेबांनी कागद आपटला. "भरवसा नाही म्हणजे? आठ वर्षं थांबलो आणि किड्यानं खाल्लं तर? सोमवारीच टेकडी साफ करा!"

ती टेकडी माझ्या वहिनींनी लावलेली. कारखान्याची रोपवाटिका त्यांच्याकडे, आणि एकोणीस वर्षं त्यांनी त्या झाडांना पोरांसारखं जपलं होतं. शिवाय सगळी एकदम पाडली की त्या वर्षी कारखाना तुडुंब, आणि मग दहा वर्षं करवतीला गंज.

मी चेहरा गंभीर केला. शाळेत मार खाऊन कमावलेला चेहरा आहे तो.

"बरोबर साहेब. पण लेखी विचारल्याशिवाय आपण साधा खिळेवाला बदलत नाही. वणवा, वारा, किडा, तिघांना पत्र टाकू. येणार की नाही, एवढंच. 'येतो' म्हणाले की कुऱ्हाड."

'लेखी' म्हटलं की साहेब विरघळतात. "आणि उत्तर येईपर्यंत?"

"फाईल प्रलंबित."

झाल्या सह्या, तीन पत्रं, तीन जावक क्रमांक.

वाऱ्याचं पत्र फांदीला बांधलं, ते उडालं. वणव्याचं शेकोटीत घातलं, राख झाली. किड्याचं एका ओंडक्याला टाचलं. त्या पठ्ठ्यानं पंधरा दिवसांत मजकूर कुरतडला आणि साहेबांची सही तेवढी सोडली.

साहेब खूश. "म्हणजे तिघांना पोचली! उत्तर?"

"विचार करताहेत."

"स्मरणपत्र पाठव! आणि तोवर कापायचं काय?"

"टेकडीवरचं लाकूड वर्षभरात जेवढं वाढतं तेवढंच. दाटीतली झाडं विरळ करायची, बाकीच्यांना हात नाही. कारखाना सहाऐवजी पाच दिवस चालवू."

"अरे, हे आधी का नाही सांगितलंस?"

आराखड्याच्या चौथ्या पानावर तेच होतं. साहेब तिसऱ्या पानापुढे कधी गेलेच नाहीत.

याला आता तीन वर्षं झाली. टेकडी जागेवर, करवत चालू. दर महिन्याला मी स्मरणपत्र घेऊन वर जातो, सरकारी... छे, कंपनीच्या खर्चानं सावलीत पडतो.

परवा वहिनींनी विचारलं, "भावजी, पण किड्यानं खरंच उत्तर दिलं तर?"

"वहिनी, तुम्ही फक्त ओंडक्यापाशी पेन विसरून येऊ नका."