हार्लन क्रीकच्या लेथची खंडेनवमी

मी एक जुना लेथ आहे, मित्रांनो. जन्मानं अमेरिकेतला, पण मराठी समजणारा. लेथ म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर मला कोणी शिवणयंत्राचा थोरला भाऊ समजेल. कुंभाराचं आडवं चाक उभं करा आणि त्यावर मातीऐवजी पोलाद चढवा, की झालो मी. लोखंडाचा दांडा मी माझ्या चकात, म्हणजे मुठीत, घट्ट धरतो आणि गरागरा फिरवतो. मग माझा कारागीर त्याला धारदार हत्यार टेकवून हवा तो आकार देतो.

ओहायो राज्यातल्या एका कारखान्यात मी तयार झालो. तेव्हा मोठं युद्ध चालू होतं, म्हणून माझ्या अंगात लोखंड भरताना कोणी हात आखडला नाही. युद्ध संपल्यावर मला इलिनॉय राज्यातल्या हार्लन क्रीक या गावी आणलं. गाव कसलं, चारी बाजूंना मका आणि मधे एक पाण्याची टाकी. तिथल्या छोट्या वर्कशॉपचा मालक व्हर्न. शेतावरच्या पंपाचा दांडा झिजला किंवा कापणीयंत्राचा रोलर मोडला, की शेतकरी धावत आमच्याकडे यायचे. ऐन हंगामात तर दारात रांग लागायची.

मला चालवायचा अर्ल. हात सोन्याचा आणि तोंड कारल्याचं. तीस वर्षं त्यानं माझ्यावर काम केलं. त्याच्या कामाला कधी नाव ठेवायला जागा नव्हती. पण मी जरा कुरकुरलो की तो माझ्या पायावर लाथ घालायचा आणि अशा शिव्या द्यायचा, की त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. गोड शब्द मात्र कधी म्हणून नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचं वाईट वाटायचं.

पुढे अर्लची पाठ धरली आणि तो घरी बसला. रोज सकाळी व्हर्नकडे कॉफी प्यायला येई, पण माझ्याकडे ढुंकून बघत नसे. गावातली तरुण पोरं शिकून शिकागोला नाहीतर डॅलसला गेली होती. व्हर्ननं वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. एक जण आला, त्यानं थंडगार शेड पाहिली, जवळचं थिएटर किती लांब आहे ते विचारलं आणि गेला तो गेलाच. माझ्यावर ताडपत्री पडली. माझ्या हत्यारांच्या खणात उंदरांनी संसार थाटला. मला भंगारात काढायची भाषा सुरू झाली, तेव्हा एक सडपातळ मुलगा पंपाचा तुटका दांडा घेऊन आला.

तो नंदू. जवळच्या विद्यापीठात तो संशोधन करत होता आणि त्याच्या प्रयोगशाळेतला पंप बंद पडला होता. व्हर्न म्हणाला, "मशीन आहे बाबा, माणूस नाही." नंदूनं ताडपत्रीचं टोक उचललं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मराठी ऐकली. "अरे, हा तर मामाच्या लेथचा थोरला भाऊ!"

नंदूचा मामा म्हणजे राजाराम, कोल्हापूरचा पट्टीचा टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा. नंदूनं व्हर्नला त्याच्याबद्दल सांगितलं आणि व्हर्नच्या डोक्यात विचार घुसला. या देशात बाहेरचा कारागीर आणायचा तर मालकाला सरकारपुढे त्याच्यासाठी उभं राहावं लागतं. हे काम करणारं इथे कोणी मिळत नाही, मला हाच माणूस हवा, असं पटवून द्यावं लागतं. त्याला स्पॉन्सर करणं म्हणतात. व्हर्ननं वकील गाठला, खेपा घातल्या, आणि एका कडाक्याच्या हिवाळ्यात राजाराम दोन स्वेटरांवर कोट चढवून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

त्याचं डोकं माझ्या खांद्याशी! मला घडवणाऱ्यांनी सहा फुटी माणसं डोळ्यांसमोर ठेवली होती. राजाराम हसला, एका खोक्याची ओक लाकडाची जाड फळी शोधून आणली, तिच्याखाली दोन ठोकळे ठोकले आणि तिच्यावर उभा राहून त्यानं मला झाडून, पुसून, तेल घालून जागं केलं. हळूहळू शेतकरी परत आले. "व्हर्नच्या लेथला पुन्हा हात मिळाला," असं गावात बोललं जाऊ लागलं. काय सांगू, पुन्हा फिरताना मला किती बरं वाटलं!

पण राजारामचा परवाना तात्पुरता होता. कायमचा मिळाला तरच बायको सुमित्रा आणि लेक सुलेखा इकडे येऊ शकणार होत्या. नाही मिळाला तर त्यालाच परत जावं लागणार आणि व्हर्नच्या शेडला कुलूप लागणार. रोज सकाळी मला तेल घालताना राजाराम घरची खबर मलाच सांगायचा. सुलेखाचा दात पडला, ती सायकल शिकली, ती फोनवर बोलत नाही, रुसलीय. अशी मला मराठी येऊ लागली.

मग सत्त्याऐंशी सालचा ऑक्टोबर उजाडला. परवान्याच्या चौकशीसाठी सरकारी तपासनीस येऊन जाणार, हे व्हर्नला माहीत होतं. नेमका कधी, ते माहीत नव्हतं. इकडे राजारामच्या मनात भलतंच चाललं होतं. खंडेनवमी आली होती. त्या दिवशी कोल्हापुरात कारखान्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या शांत असतात. जे हत्यार वर्षभर राबतं त्याची पूजा करायची आणि त्याला कामाला लावायचं नाही. आदल्या वर्षी नवमी सुट्टीच्या दिवशी आली, म्हणून कोणाला काही कळलं नव्हतं. यंदा आली कामाच्या दिवशी. पण त्यासाठी मालकाची परवानगी मागायची असते, हे राजारामच्या स्वप्नातही आलं नाही. दिवाळीला दिवे लावू का, असं कोणी विचारतं का? मालकाचं नुकसान नको म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशीचं काम आदल्या संध्याकाळीच उरकून टाकलं.

सकाळी त्यानं मला लख्ख पुसलं. हळदकुंकू आणि नारळ नंदूनं शिकागोच्या देशी बाजारातून, डेव्हन ॲव्हेन्यूवरून, आणून ठेवले होते. झेंडू अर्लच्या परसातला. भाजीत ससे येऊ नयेत म्हणून म्हातारा तो लावायचा. फुलं कशाला हवीत हे न विचारताच "ने, ससे काही खात नाहीत ती," एवढंच तो गुरगुरला होता. गळ्यात माळ, कपाळावर कुंकू. मी आरशात कधी पाहिलं नाही, पण त्या दिवशी पाहावंसं वाटलं.

आणि नेमका तेव्हाच तपासनीस दारात! उंच, कोरडा माणूस. व्हर्न त्याला घेऊन आत आला आणि माझा थाट बघून जागीच थबकला.

"मला एवढंच पाहायचंय," तपासनीस म्हणाला, "की हा माणूस खरोखर या मशीनवर काम करतो. चालवून दाखवायला सांगा."

"राज, दोन मिनिटं फिरव," व्हर्न म्हणाला.

राजारामनं हात जोडले. "सर, टुडे नो. टुडे मशीन रेस्ट. टुमॉरो होल डे, सर."

तपासनीसाची भुवई वर गेली. व्हर्ननं राजारामला बाजूला घेतलं. "तुला कळतंय का काय पणाला लागलंय? तुझी बायको, तुझी पोरगी!"

राजारामला सगळं कळत होतं. त्याच्या कपाळावर घाम आला. हात माझ्या बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मित्रांनो, लोखंडाला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, दाब रे, दाब! मी रागावणार नाही, देवही रागावणार नाही. लेकीला आण आधी. पण त्याचा हात काही पुढे जाईना.

तेवढ्यात कॉफीचा मग घेऊन अर्ल आला. मला वाटलं, आता संपलंच. हा कडू म्हातारा काय बोलेल कोण जाणे.

"ही माझी फुलं आहेत," अर्ल म्हणाला. तो माझ्याभोवती एक फेरी मारून आला. मग त्यानं व्हर्नला विचारलं, "हा सूटवाला कोण?"

व्हर्ननं सगळं सांगितलं, राजाराम आज मशीन का चालवत नाही तेही. अर्लनं कॉफीचा मग खाली ठेवला आणि तपासनीसाला म्हणाला, "या इकडे. त्या फळीवर उभे राहा."

तपासनीस बिचारा चढला. माझी सगळी चाकं त्याच्या मांडीपाशी आली. कमरेत वाकल्याशिवाय त्याचा हात कुठे पोचेना.

"मी तीस वर्षं जमिनीवर उभा राहून हे धूड चालवलं," अर्ल म्हणाला. "व्हर्न माझ्याहून उंच. मग ही फळी इथे कोणासाठी आहे? उतरा आणि खाली बघा."

फळीवर तेलानं काळी पडलेली दोन पावलं उमटली होती. डावं जरा जास्त झिजलेलं, कारण राजाराम त्या पायावर भार टाकतो. अर्लनं राजारामला खूण केली. राजाराम फळीवर चढला आणि त्याचे बूट त्या खुणांत बरोब्बर बसले. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"आणि मशीन का बंद?" तपासनीसानं विचारलं, पण आता त्याचा आवाज मऊ झाला होता.

"आज ते सुट्टीवर आहे," अर्ल म्हणाला. "मी त्याला कधी दिली नाही."

तपासनीसानं माझ्या गळ्यातली माळ न्याहाळली. मग म्हणाला, "माझे आजोबा नाताळच्या सकाळी आधी घोड्यांना ओट घालायचे, मग आम्हाला नाश्ता. त्या दिवशी गाडी जुंपायची नाही." त्यानं टोपी घातली. "उद्या मला याच रस्त्यानं परत जायचंय."

दुसऱ्या दिवशी दसरा. तपासनीस आला आणि मी असा फिरलो, की लोखंडाचा लांबलचक कीस सळसळत खाली उतरला. जाताना राजारामनं त्याच्यापुढे हात केला. "गोल्ड, सर."

"सरकारी माणसाला सोनं घेता येत नाही," तो दचकून म्हणाला. मग त्यानं पाहिलं, तर राजारामच्या तळहातावर पिवळी पडलेली पानं. इकडे आपटा कुठला? रस्त्याकडेला रेडबड नावाचं झाड आहे, त्याची पानं बदामी आकाराची. तीच राजारामनं आपट्याच्या जागी मानली होती. तपासनीस हसला, एक पान उचलून टोपीच्या पट्टीत खोचलं आणि गेला. एक पान अर्लला मिळालं. त्यानं ते खिशात टाकलं.

वसंतात कायमच्या परवान्याचा कागद आला आणि आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. व्हर्ननं त्या दिवशी शेड लवकर बंद केली. सुमित्रा आली, सुलेखा आली. पोरगी महिन्याभरात इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. फळीवर चढून माझं चाक फिरवत तिनं विचारलं, "बाबा, कॅन आय ड्राइव्ह इट?" राजारामनं तोंड फिरवून डोळे पुसले. मीही त्या दिवशी जरा जास्तच तेल गाळलं.

त्याच उन्हाळ्यात व्हर्ननं कॉम्प्युटरवर चालणारं नवंकोरं मशीन घेतलं. राजाराम तेही शिकला. मला भिंतीकडे सरकवलं, किरकोळ कामं माझ्याकडे राहिली. खंडेनवमी जवळ आली तसा मी मनाची समजूत घालू लागलो, यंदा माळ त्या नव्याला. जगाची रीतच आहे.

नवमीच्या सकाळी शेडचं दार उघडलं. अजून कोणीच आलं नव्हतं. आत आला अर्ल, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात झेंडूची टोपली. टोपली त्यानं माझ्या पायाशी ठेवली, ज्या पायावर तो लाथ मारायचा त्याच. इकडे तिकडे पाहिलं. मग आपला खरबरीत तळवा माझ्या कपाळावर टेकवला आणि पुटपुटला, "थँक यू, म्हाताऱ्या." इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलेला तो पहिला गोड शब्द.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी तरी रोज राबत असेल. एखादं यंत्र असेल, एखादं माणूस असेल, लांबून आलेलं. त्यांना वर्षाकाठी एक दिवस कामाला लावू नका. नुसते जवळ बसा आणि विचारा, थकलास का. बाकी माझं बरं चाललंय. राजारामची फळी अजून माझ्यापुढेच आहे, आणि तिच्यावर आता सुलेखा उभी राहते.