हाकेची जागा

फिट येऊ नये म्हणून जन्मभर गोळ्या गिळल्या, आणि आता ती यावी म्हणून हॉस्पिटलात वाट बघत पडले होते! गोळ्या कमी केलेल्या, डोक्याला वायरी, हाताला सुई. डॉक्टरांनी समजावलेलं, फिट सुरू होताच शिरेतून किरणोत्सारी औषध द्यायचं. मेंदूत फिट जिथून उठते तिथे ते जास्त जमतं आणि स्कॅनमध्ये दिसतं. जागा सापडली तरच ऑपरेशन. औषध द्यायला उशीर झाला की सगळं फुकट.

"राजश्रीताई, तुमची फिट सुरू होताना ओळखेल असं माणूस सोबत आणा. त्यानं बटण दाबायचं, की नर्स औषध देईल."

कुठून आणू? मला तर काहीच आठवत नाही. ओळखायची ती आई, ती गेल्या वर्षी गेली. पेणकरपाड्याच्या घरात मी एकटी. शेजाऱ्यांशी 'कैसे हो, ठीक हूँ' एवढंच. फरशीवर जाग आली, जीभ चावलेली असली, की समजायचं, येऊन गेली.

शेवटी धाकट्या भावाला, संघर्षला, बोलावलं. नाशिकहून आला आणि आल्यापासून मोबाईलमध्ये डोकं. औषध दुपारपर्यंतच टिकतं. काल फिट आलीच नाही, कालचं वाया गेलेलं. आजचंही गेलं तर पुन्हा नंबर कधी लागेल कोणास ठाऊक.

"अरे मेल्या, माझ्याकडे बघ ना! बटण दाबायला आलायस की रील बघायला?"

"ऐकतोय गं ताई. कान इकडेच आहेत."

कान! डोळे काय भाड्याने दिलेत? मला रडूच आलं. आई असती तर माझ्यावरून नजर हलवली नसती.

पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा नर्स हसत होती. "औषध वेळेत गेलं. भाऊ एकदम शार्प हां तुमचा."

संघर्षचे डोळे लाल झाले होते.

"तुला कसं कळलं रे?"

"तू हाक मारलीस. आईला. लहानपणापासून तसंच आहे तुझं. आधी 'आई, ये ना' म्हणतेस, मग डोळे फिरतात. आई हातातलं टाकून धावत यायची."

हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. आई तरी कशाला सांगेल? ती येतच होती.

स्कॅनमध्ये जागा सापडली. "आता ऑपरेशन होणार ताई, फिट बंद होतील बघ," संघर्ष म्हणाला. मी मान हलवली. मला आमचं बंद दाराचं घर दिसत होतं. वर्षभर मी तिथे आईला हाका मारत होते, आणि त्या मलासुद्धा ऐकू आल्या नव्हत्या.