शुक्रवारची तारीख

मित्रांनो, सरकारी कचेरीच्या दाराशी टांगलेला जुना सूचनाफलक मी. सुताराने चौकट ठोकून वर हिरवे कापड ताणले, तेव्हा वाटले, आपण काय, जन्मभर टाचण्या टोचून घ्यायच्या! पण कचेरीची रीत वेगळी होती. नवा नियम आधी माझ्यावर लागायचा. शिपाईकाका तो खणखणीत आवाजात वाचायचे, कोपऱ्यात तारीख घालायचे आणि मगच तो लागू व्हायचा. फलकावर नाही, त्याबद्दल शिक्षा नाही. साहेब असो की हमाल, कागद सर्वांना एकच. याचा मला फार अभिमान होता.

आमच्या पायऱ्यांवर एक निवृत्त शिक्षिका बसत. रांगेतल्या लोकांना त्या वर्तमानपत्र वाचून दाखवत, म्हणून सगळे त्यांना बातमीबाई म्हणत. एका मंगळवारी त्यांनी साहेबांच्या कारभाराची बातमी वाचली. बुधवारी त्यांना पकडून नेले. गुन्हा कोणता, हे कुणालाच सांगता येईना.

गुरुवारी भर दुपारी काका कागद घेऊन आले. सार्वजनिक जागी मोठ्याने वाचण्यास मनाई! त्यांनी तो लावला, पण वाचला नाही. तारीख घातली मागच्या शुक्रवारची.

सोमवारी न्यायाधीश स्वतः मला पाहायला आले. सोबत साहेब आणि बाईंची मुलगी.

"काका, खरं सांगा," ती म्हणाली, "हा कागद कधी लावलात?"

काकांनी साहेबांकडे पाहिले. "तारीख आहे ना त्याच्यावर."

"तारीख मी वाचली. तुम्ही लावलात कधी?"

"शुक्रवारीच," काका पुटपुटले.

न्यायाधीशांनी मान डोलावली. बाईंना वर्षभराचा तुरुंग झाला. ज्या रीतीने आजवर लोकांना सांभाळले, तिनेच बाईंचा घात केला. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

आता माझ्यासमोर कुणी थांबत नाही. आजची साधी गोष्ट उद्या कालपासूनचा गुन्हा ठरणार असेल, तर वाचून करायचे काय?

मित्रांनो, मला नवे कापड घाला असे मी म्हणणार नाही. त्याने काही व्हायचे नाही. फक्त कुठला कागद कधी लागला, हे ध्यानात ठेवा आणि वेळ आली की बोला. काका खोटे बोलले, तेव्हा पायऱ्यांवर चाळीसेक माणसे उभी होती. त्यांतल्या बहुतेकांनी गुरुवारी तो कागद लागताना पाहिला होता.